मदत हवी आहे: संगणक 'ग्रब रेस्क्यू'वर अडकलाय, आत आईच्या ओव्या आहेत

नमस्कार मंडळी. घरचा जुना डेस्कटॉप परवापासून सुरू होत नाहीये. काळ्या पडद्यावर दोनच ओळी येतात: 'एरर: नो सच पार्टिशन' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. पुढे नुसता कर्सर लुकलुकतो.

संगणक २०११ साली घेतलेला. विंडोज ७, ६४ बिट, ५०० जीबीची एकच हार्ड डिस्क. भावाने शिकण्यासाठी त्यावर उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही टाकली होती. तो नोकरीला बाहेरगावी गेला आणि ते कोणी उघडेनासं झालं. परवा भाचा म्हणाला, 'मावशी, डी ड्राइव्हला जागा कमी पडतेय', आणि त्याने विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन उबुंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तेवढा वेगळा भाग, डिलीट केलं. आणखीही काही खटपट केली म्हणतो, काय ते त्याला नीट आठवत नाही. त्या वेळी सगळं ठीक होतं. रात्री बंद केला, सकाळी लावला तर हे.

दुरुस्तीच्या दुकानात नेला. 'बूट रेकॉर्ड उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही' असं म्हणाले. मी तसाच उचलून घरी आणला.

डी ड्राइव्हमध्ये आईच्या ओव्या आहेत. २०१४च्या उन्हाळ्यात मी त्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. काही जात्यावरच्या, काही गहू निवडता निवडता म्हटलेल्या, मध्येच थांबून 'पुढची ओळ काय गं?' असं मलाच विचारलेल्या. आई आता नाही. तो मोबाइलही नाही. दुसरी प्रत कधी काढलीच नाही.

'बूटरेक /फिक्सएमबीआर' ही आज्ञा द्या असं बरेच जण सांगतात. ती दिली तर डी ड्राइव्हला धक्का लागेल का? आणि विंडोजच उघडत नाही तर ती द्यायची कुठून? एकेक पायरी सांगितलीत तर मी करू शकेन.

प्रतिसाद:

ताई, फॉरमॅट अजिबात करू नका. तुम्ही सांगता त्यावरून डिस्क बिघडलेली वाटत नाही. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटना मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातले ४४६ बाइट म्हणजे सुरुवात करून देणारा छोटा प्रोग्राम, पुढचे ६४ बाइट म्हणजे पार्टिशनचा तक्ता आणि शेवटचे २ म्हणजे खूण. उबुंटू टाकताना त्या ४४६ बाइटमध्ये ग्रब, म्हणजे उबुंटूचा सुरुवात करून देणारा प्रोग्राम, येऊन बसला. त्याचा बाकीचा पसारा उबुंटूच्या पार्टिशनमध्ये होता आणि नेमकं तेच पुसलं गेलं. पत्ता हातात आहे, पण त्या पत्त्यावरचं घर पाडलंय. डी ड्राइव्ह यात कुठेच येत नाही.

फिक्सएमबीआर फक्त तो छोटा प्रोग्राम बदलून विंडोजचा बसवते, तक्त्याला हात लावत नाही. तरी आधी ओव्या बाहेर काढा, मगच दुरुस्ती. दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवून घ्या, त्यावरून हा संगणक सुरू करा आणि 'ट्राय उबुंटू' निवडा. 'इन्स्टॉल'वर चुकूनही जाऊ नका. डी ड्राइव्ह उघडेल, फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. तिथल्याच 'डिस्क्स' प्रोग्राममध्ये पार्टिशनिंगपुढे 'मास्टर बूट रेकॉर्ड' लिहिलंय का तेही बघा. जीपीटी, म्हणजे पार्टिशनच्या तक्त्याची नवी पद्धत, असेल तर थांबा. तिथे सुरुवातीच्या फाइली वेगळ्या एफएटी३२ पार्टिशनमध्ये असतात आणि उपायही वेगळा असतो. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, संगणक बंद ठेवा.

धागाकर्ती:

दादा, ओव्या मिळाल्या! एकूण ४३ फाइली. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत, भावाच्या लॅपटॉपवर दुसरी. एक लावून बघितली, आवाज स्वच्छ आहे. तुमचे आभार कसे मानू?

'मास्टर बूट रेकॉर्ड' असंच लिहिलंय, टकटकही नाही. शेजारच्यांच्या विंडोज ७ वरून रिपेअर डिस्क बनवली, पण 'ही आवृत्ती जुळत नाही' असा संदेश आला.

प्रतिसाद:

त्यांचं विंडोज ३२ बिट असणार. तुमचं ६४ आहे, तर ६४चीच रिपेअर डिस्क लागेल. ती मिळाली की बाहेरची डिस्क आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा, म्हणजे भलत्याच डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही. मग रिपेअर डिस्कवरून सुरू करा, कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'बूटरेक /फिक्सएमबीआर' द्या.

धागाकर्ती:

६४ बिटची मिळाली. आज्ञा दिली, यशस्वी झाल्याचंही लिहून आलं. ग्रब गेला, पण आता 'बूटएमजीआर इज मिसिंग' येतंय. छातीत धस्स झालं.

प्रतिसाद:

घाबरू नका, काम पुढे सरकलंय. विंडोजचा छोटा प्रोग्राम 'अॅक्टिव्ह' खूण असलेल्या पार्टिशनकडे जातो. भाच्याला विचारा, त्याने डी ड्राइव्हवर 'मार्क पार्टिशन अॅज अॅक्टिव्ह' दाबलं होतं का? ग्रब त्या खुणेकडे बघत नाही, म्हणून ती चूक आतापर्यंत दिसली नसेल. विंडोज ७ची बूट फाइल, म्हणजेच बूटएमजीआर, साधारणपणे सुरुवातीच्या १०० एमबीच्या 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' पार्टिशनमध्ये असते. पुन्हा कमांड प्रॉम्प्टवर या आणि 'डिस्कपार्ट' द्या, हा पार्टिशन हाताळायचा प्रोग्राम आहे. मग 'सिलेक्ट डिस्क ०', 'लिस्ट पार्टिशन'. १०० एमबीचं पार्टिशन पहिलंच दिसलं तर 'सिलेक्ट पार्टिशन १' आणि शेवटी 'अॅक्टिव्ह'. डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' हा शब्द टाइप करू नका, त्याने सगळा तक्ता पुसला जातो.

धागाकर्ती:

विंडोज आलं! भाच्याने कबूलही केलं, तेच दाबलं होतं त्याने. बिचारा दोन दिवस नीट जेवला नव्हता. त्याला समोर बसवून आजीच्या दोन ओव्या ऐकवल्या.

उबुंटूची जागा रिकामीच दिसतेय. ती डीला जोडायची का?

प्रतिसाद:

आठवडाभर तशीच राहू द्या. आणि विंडोज ७ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेची अपडेट्स मिळत नाहीत, तेव्हा हा संगणक इंटरनेटला न जोडलेला बरा.