जेनी लेकची पूर्ण पायी फेरी: आपले अनुभव लिहा

अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात जाणारे बहुतेक जण जेनी लेक पाहतात, पण त्यातले बरेचसे होडीने पलीकडे जाऊन, हिडन फॉल्स या धबधब्यापर्यंत चालून, होडीनेच परततात. तळ्याभोवतीची पूर्ण वाट साधारण 11 ते 12 किलोमीटरची आहे. चढ-उतार फारसे नाहीत, मात्र तळेच सुमारे 2,067 मीटर उंचीवर असल्याने पहिल्या दिवशी साध्या वाटेवरही दम लागतो. ज्यांनी ही फेरी केली आहे त्यांनी ती कोणत्या महिन्यात व कोणत्या दिशेने केली आणि कुठे विशेष वेळ गेला, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

आम्ही दोघे जुलैमध्ये दक्षिणेकडच्या व्हिजिटर सेंटरपासून, प्रदक्षिणा घालावी तसे तळे उजव्या हाताला ठेवून निघालो. तळ्यातून बाहेर पडणाऱ्या कॉटनवुड क्रीकवरचा पूल ओलांडला की वाट पश्चिम काठाला लागते. तिथे मोठमोठे दगड, वर आलेली मुळे आणि दाट सावली असल्यामुळे चालण्याचा वेग आपोआप कमी होतो. भल्या सकाळी निघाल्याने धबधब्यापाशी आम्हाला जेमतेम पाच-सहा माणसे भेटली. परतताना मात्र पश्चिमेच्या धक्क्यावर होड्या लागू लागल्या होत्या आणि प्रत्येक होडीतून घोळकाच्या घोळका वर येत होता. गंमत अशी की, धक्क्याचा फाटा मागे टाकून उत्तरेकडे वळल्यावर हा सगळा गलबला दहा मिनिटांत थांबतो. धबधब्याच्या वर असलेल्या इन्स्पिरेशन पॉइंट या उंच जागेचा (तिथून तळे दिसते) फाटा घेतल्यास तळ्यापासून सुमारे 130 मीटरचा चढ वाढतो. शेवटचा टप्पा कड्यात खोदलेल्या अरुंद वाटेचा आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्यांसाठी थांबावे लागते. हा फाटा घ्यायचाच असेल तर पहिल्या होड्यांच्या आधी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

* * *

मी उलट फेरीच्या बाजूचा आहे. टीटनचे डोंगर तळ्याच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळचे ऊन थेट त्यांच्या अंगावर पडते, आणि ते पाहायचे तर माणूस त्या वेळी पूर्व काठावर हवा. सप्टेंबरमधल्या त्या सकाळी पाणी इतके स्थिर होते की टीविनॉटच्या सुळक्यावरची बर्फाची बारीक रेघसुद्धा खाली पाण्यात दिसत होती. पुढे वारा सुटला आणि प्रतिबिंब मोडले ते मोडलेच. दुपारनंतर सूर्य डोंगरांच्या मागे सरकू लागला की पूर्व काठावरून डोळ्यांवर तिरीप येते आणि डोंगर नुसते काळे दिसतात. या दिशेचे दोन तोटेही सांगितले पाहिजेत: पूर्व काठाच्या बऱ्याच भागात रस्ता जवळ असल्याने मोटारींचा आवाज येत राहतो, आणि धबधब्यापाशी आपण नेमके भर गर्दीत पोहोचतो. ज्यांना छायाचित्रांची हौस नाही त्यांनी वर सुचवलेली दिशाच धरावी.

* * *

आई-बाबा दोघेही सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे पूर्ण फेरीचा हट्ट आम्ही धरला नाही. होडीचे एकेरी तिकीट मिळते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. होडीने पश्चिम काठाला उतरलो, धबधबा पाहिला, आणि परत धक्क्यावर न येता उत्तरेकडे तीनेक किलोमीटर चालत स्ट्रिंग लेकच्या वाहनतळावर पोहोचलो. तिथे दादा गाडी घेऊन थांबला होता. वाटेचा हा तुकडा सर्वांत शांत वाटला. बाबा दर दहा-पंधरा मिनिटांनी एखाद्या दगडावर बसत, पण "होडीनं परत जाऊ या का?" असे विचारले की "तुम्ही जा" म्हणत. एक केले होते ते बरे झाले: उद्यानात पोहोचल्यावर पहिला दिवस चालण्यासाठी ठेवलाच नव्हता.

* * *

ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी हकलबेरीच्या झुडपांकडे लक्ष ठेवावे, कारण अस्वलांचेही तिकडेच लक्ष असते. पश्चिम काठावर वळणापलीकडे झुडपे हलताना दिसली म्हणून आम्ही थांबलो, तर एक काळे अस्वल पुढच्या पंजाने फांदी वाकवून ओठांनी फळे ओरबाडत होते. त्याने एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाण्यात गढून गेले. अस्वलापासून किमान 100 यार्ड, म्हणजे सुमारे 90 मीटर, दूर राहण्याचा उद्यानाचा नियम आहे. आम्ही बोलत बोलत, पाठ न फिरवता मागे सरलो आणि ते वर निघून जाईपर्यंत थांबलो. या भागात ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलेही आहेत. अस्वल अंगावर आल्यास मारायचा मिरचीचा फवारा पिशवीच्या तळाशी नव्हे, तर कमरेला हात पोहोचेल तिथे असावा आणि त्याची खिट्टी कशी काढायची ते निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. तो विमानातून नेता येत नाही, तेव्हा तिथे पोहोचल्यावरच घ्यावा लागतो.

* * *

फेरी करताना पायाखालच्या जमिनीकडेही पाहावे, एवढीच माझी भर. कॅस्केड कॅन्यनमधून उतरलेल्या हिमनदीने हे तळे खोदले, आणि तिने पुढे ढकलत आणलेल्या दगडमातीचा बांध तळ्याच्या कडेने उरला. त्या बांधाची माती ओल धरते, म्हणून त्यावर लॉजपोल पाइनचे रान आहे. बांध संपून सपाट, खडीची जमीन सुरू झाली की पाणी मुरून जाते आणि झाडांच्या जागी सेजब्रशची करडी झुडपे येतात. पूर्व काठावर काही पावले बाहेरच्या बाजूला गेले तरी हा फरक दिसतो. तळ्याला नाव मिळाले ते जेनी ली या शोशोनी स्त्रीचे. 1872 च्या हेडन सर्वेक्षणात, म्हणजे या भागाच्या सरकारी भूगर्भीय पाहणीत, वाटाड्या असलेल्या रिचर्ड लीची ती पत्नी. 1876 मध्ये देवीच्या साथीत ती आणि तिची मुले गेली. शेजारचे ली लेक रिचर्डच्या नावाचे आहे. तिथल्या माहितीफलकांपुढे मी माणसे फार वेळ थांबलेली पाहिली नाहीत, याचे वाईट वाटते.

* * *

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडेसे. स्ट्रिंग लेक उथळ असल्यामुळे उन्हाळ्यात त्याचे पाणी जेनी लेकपेक्षा बरेच सुसह्य असते. आमच्या दोघांनी बूट काढून तिथे तासभर काढला आणि मग उरलेला पूर्व काठ विनातक्रार चालली. जूनमध्ये मात्र पश्चिम काठावरच्या सावलीत बर्फाचे पट्टे टिकून असू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी रेंजर केंद्रात वाटेची स्थिती विचारावी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी वादळे वारंवार येतात. ढग जमू लागले तर इन्स्पिरेशन पॉइंट सोडून द्यावा आणि धक्का जवळ असेल तर सरळ होडीची रांग धरावी. शेवटची होडी किती वाजता सुटते ते सकाळीच पाहून ठेवावे, कारण ती चुकली तर मुलांना कडेवर घेऊन दक्षिणेचा काठ चालण्यावाचून गत्यंतर नसते.