ट्रेलरचा डावा पाय खाली येत नाही, शाफ्टचा बोल्ट परत तुटला

उरण_40फुटी: 40 फुटी कंटेनर ट्रेलर आहे. घोडा (पुढचा ओढणारा ट्रक) सोडल्यावर तो ज्या दोन पायांवर उभा राहतो, त्यांचं हँडल उजवीकडे. हँडलची फिरकी डाव्या पायाला नेणाऱ्या मधल्या शाफ्टचा बोल्ट सहा महिन्यांत दुसऱ्यांदा तुटला. उजवा पाय उतरतो, डावा जागेवरच. गॅरेजवाला म्हणतो हाय टेन्साइल (जास्त कडक) बोल्ट टाकू. टाकावा का?

गिअरबॉक्स_बाबा: मुळीच नको. त्या जागी कंपनीने दिलेल्याच ग्रेडचा बोल्ट हवा. पाय अडकला की आधी तो तुटतो म्हणून आतले गिअर वाचतात. जाड किंवा कडक बोल्ट घातलात तर पुढच्या वेळी बेव्हल गिअरचे दात जातील.

आधी दुखणं शोधा. ट्रेलर घोड्याला जोडलेला ठेवा, चाकांना ओट (अडसर) लावा, पाय अधांतरी. शाफ्ट सोडवून डावा पाय पाइप पान्याने एकटाच फिरवा. सगळीकडे सारखाच जड फिरत असेल तर ग्रीस सुकलंय किंवा गंज चढलाय. ठरावीक उंचीलाच अडकत असेल तर आतली नळी किंवा स्क्रू वाकलाय. वाकलेला पाय ठोकून सरळ करून घेऊ नका, बदला.

चासी_वेल्डर: बदलणार असाल तर जोडीच बदला. किंगपिनपासून (ट्रेलर घोड्यात अडकवणारी खालची पिन) दोन्ही पायांचं अंतर सारखं हवं. दोन पायांमधलं अंतर वर मोजा, खाली बुटापाशी (पायाचा जमिनीला टेकणारा भाग) मोजा, फरक दिसता कामा नये. तो असला की नळी एका बाजूला घासते आणि बोल्टवर ताण येतो, तुमच्याकडे बहुधा हेच झालंय.

पायाच्या नळीवर थेट वेल्डिंग नको, उष्णतेने ती आत दबते. वेल्डिंग चासीच्या ब्रॅकेटवर, पाय बोल्टने. आडवा आणि पुढे-मागे तिरका असे दोन्ही आधार हवेत. इथे अर्धे लोक तिरका लावतच नाहीत, मग ब्रेक मारला की पाय डुलतो.

शाफ्ट जोडण्याआधी दोन्ही पाय पूर्ण वर घ्या, मग दोन्ही सारखेच थोडे उतरवून भोकं जुळवा. शाफ्ट दोन्ही टोकांना ठासून बसवू नका, लांबीत थोडी मोकळीक राहू द्या. चासीला पीळ पडतो तेव्हा ती लागते.

उरण_40फुटी: समजलं. ड्रायव्हरला काय सांगू?

गिअरबॉक्स_बाबा: बूट जमिनीला टेकेपर्यंत हँडलचा हाय (झटपट) गिअर, वजन आलं की लो (हळू पण जोरदार). भरलेला ट्रेलर हाय गिअरमध्ये उचलायला गेला की पहिला बळी तोच बोल्ट. यार्डात माती किंवा उन्हाने मऊ झालेलं डांबर असेल तर बुटाखाली जाड फळी. एक बूट रुतला की सगळा भार दुसऱ्यावर.

घोडा लावताना ट्रेलरची प्लेट टर्न टेबलला (घोड्यावरची किंगपिन पकडणारी बैठक) जेमतेम घासून किंचित उचलली जाईल एवढीच उंची ठेवा. ट्रेलर फार खाली असला तर घोडा त्याला मागे ढकलतो आणि पाय वाकतात. फार वर असला तर किंगपिन लॉकमध्ये न बसता वरून जातो. निघताना पाय पूर्ण वर, हँडल हुकात.

चासी_वेल्डर: आणि ग्रीस निपल डाव्या पायालाही असतो. हँडल उजवीकडे म्हणून तिथे कोणी जातच नाही.