मदत हवी आहे: सोलरच्या टाकीत कढत पाणी, नळाला मात्र कोमट

नमस्कार. धायरीत आमचं रो-हाउस आहे. खाली-वर दोन बाथरूम, गच्चीवर २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर. सात वर्षं काही तक्रार नव्हती. दसऱ्याच्या सुमारास खालच्या बाथरूमचं काम काढलं, नवा मिक्सर बसवला आणि शॉवरला जोर नाही म्हणून गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप लावून घेतला. तेव्हापासून गरम नळाला कोमट पाणी येतं. सासूबाईंचे गुडघे सकाळी इतके आखडतात की कढत पाण्याने शेकल्याशिवाय त्यांना पाऊल टाकवत नाही. महिनाभर मी गॅसवर पातेली तापवतेय.

प्लंबरदादा म्हणाले, ट्यूबमध्ये क्षार साठलाय, सगळ्या बदला. बोअरचं पाणी आहे, क्षार असणारच. पण संध्याकाळी पाचला गच्चीवर टाकीतून निघणाऱ्या गरम पाइपला हात लावला तर चटका बसला. पहाटे सहाला तोच पाइप गार. म्हणजे पाणी तापतंय, रात्रीत कुठेतरी जातंय.

आणखी दोन गोष्टी खटकतात. रात्री सगळे नळ बंद असताना पंप मधूनच घुर्र करून सुरू होतो. आणि सकाळी टाकीच्या व्हेंट पाइपखाली (हवा जायचा उघडा पाइप) गच्ची ओली असते. तिथल्या फरशीवर आता क्षाराचा पांढरा गोल डागच उमटलाय. पूर्वी तिथे थेंबही नसायचा.

वरच्या बाथरूममध्ये पावसाळ्यासाठी गीझर आहे. त्याच्या इनलेटला सोलरची लाइन आणि गार पाण्याची लाइन टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एकत्र दिलीय, दोन्हींना वेगवेगळे कॉक. गारचा कॉक कायम बंद असतो. दोष इथे असेल का? नव्या टाइल्स फोडायची वेळ येऊ नये एवढंच वाटतं.

प्रतिसाद

ताई, ट्यूबना हात लावू नका. तुमचा सोलर उघड्या प्रकारचा आहे, त्याच्या पाण्याला दाब फक्त उंचीचा. दहा मीटरला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरवर), म्हणजे तुमच्या खालच्या मजल्यावर अर्धा-पाऊण किलो. पंपाचा दाब त्याहून जास्त. दोन लाइनी जिथे भेटतात तिथून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं, उलटं वर चढतं आणि टाकीतलं गरम पाणी व्हेंटमधून बाहेर ढकलतं. दाब उतरला की पंप पुन्हा सुरू.

खात्री करून घ्या. सोलरच्या टाकीला गार पाणी देणारा गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करा, पंप चालू ठेवा आणि गरम नळ सोडा. थोड्या वेळात धार तुटली पाहिजे. तशीच वाहत राहिली तर ते पाणी सोलरचं नाहीच. मग एकेका बाथरूमचा गार कॉक बंद करत जा.

धागाकर्ती

केलं. वॉल्व्ह बंद करून पंधरा मिनिटं झाली तरी स्वयंपाकघरातला गरम नळ जोरात वाहत होता! खालच्या बाथरूमचे कॉक बंद केले, तरी तेच. वरच्या बाथरूमचा गारचा मुख्य कॉक फिरवला आणि धार तुटली. गीझरचा बंद कॉक क्षारामुळे नीट बसतच नाहीये. प्लंबरदादा आता म्हणतात, गच्चीवर गरम लाइनला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा वॉल्व्ह) टाकू. चालेल का?

प्रतिसाद

त्याने टाकी वाचेल, नळ नाही. पंपाच्या दाबाने एनआरव्ही मिटलेलाच राहील आणि नळाला गार पाणीच येईल. गीझरजवळची टी काढा, गार बाजूला प्लग मारा. गीझरला सोलरच्या लाइनचं पाणी मिळतंच. ढगाळ दिवशी ते गार येईल, गीझर तापवेल. पूर्वी दोन्ही लाइनींना सारखाच दाब होता म्हणून गळका कॉक खपून गेला.

आणि पंप सोलरच्या आधी कधीही लावू देऊ नका, ती टाकी दाबासाठी नसते. हँडशॉवर बंद करताना मिक्सरचे दोन्ही नॉबही बंद करत जा, नाहीतर तिथूनही हेच होईल.

धागाकर्ती

रविवारी टी काढून प्लग मारला. पाइप उघड्यावर होता, टाइल्स वाचल्या. काल रात्री पंप एकदाही सुरू झाला नाही, व्हेंटखाली गच्ची कोरडी. आज सासूबाईंनी बादलीत विसण घालायला गार पाणी मागितलं.