मदत हवी आहे: ‘रिलिंक्विश’ला नेमकं मराठी काय?

नमस्कार. फोंड्याहून लिहितेय. आत्याला वडिलोपार्जित घरातला आपला हक्क सोडायचा आहे. मसुदा इंग्रजीत आहे, तो तिला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलंय. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीचा वारसाहक्क मुलाइतकाच. त्यामुळे ती नेमकं काय सोडतेय हे सहीआधी तिला नीट कळायलाच हवं.

मी अडलेय ‘रिलिंक्विश’वर. कोशात ‘त्याग करणे’, ‘सोडून देणे’, ‘ताबा सोडणे’ असं सगळंच दिलंय. मूळ लॅटिनमध्ये अर्थ ‘मागे ठेवून जाणे’. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या अवशेषांना ‘रेलिक्स’ म्हणतात, तो शब्दही त्याच मुळाचा. हे वाचून मला फार बरं वाटलं, पण आत्याला त्याचा काय उपयोग?

‘सरेंडर’ वेगळं, एवढं कळतं. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगिजांनी केलं ते सरेंडर, समोरच्या बळापुढे नमून. ‘रिलिंक्विश’मध्ये तशी हार असतेच असं नाही. माणूस पद, हक्क, हातातली पकड आपणहून सोडतो, कधीकधी नाखुशीनं. बरोबर ना? आणि ‘वेव्ह’ (waive) म्हणजे हक्क असूनही तो न बजावणं. मग ‘रिलिंक्विश’ आणि ‘वेव्ह’ दोन्हींना ‘हक्क सोडणे’ कसं चालेल?

‘हक्कसोडपत्र’ माहीत आहे. पण वाक्यात क्रियापद काय वापरू? ‘त्याग’ म्हटलं की आत्याला संन्यास आठवतो, ‘सोडते’ फार हलकं वाटतं. कोणी नोटरीकडची मराठी कागदपत्रं लिहिली असतील तर एखादं वाक्य द्याल का? सही सोमवारी आहे.