मदत हवी आहे : कोकणातील बंद घरासाठी कोणता अलार्म घ्यावा?

देवगड तालुक्यातील आमचे चिरेबंदी कौलारू घर गणपती आणि मे महिना वगळता बंदच असते, म्हणून तेथे चोरीपासून संरक्षणासाठी अलार्म बसवायचा आहे. घराला तीन दरवाजे आहेत, वायफाय नाही आणि पावसाळ्यात वीज कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही.

सिमकार्डवर चालणारा आणि सेन्सर वाजताच फोन करणारा एक साधा संच लावून पाहिला आहे. दारांवरचे चुंबकीय सेन्सर चोख चालतात. परंतु शरीराच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा माजघरातील पीआयआर सेन्सर मांजरामुळे रात्री-अपरात्री वाजतो आणि शेजारच्या काकांना बिचाऱ्यांना बॅटरी घेऊन यावे लागते. त्याची संवेदनशीलता कमी करून पाहिली. पाळीव प्राण्यांना वगळणारा सेन्सरही लावला, पण तो जमिनीवरून फिरणाऱ्या प्राण्यांसाठीच असतो आणि आमचे मांजर वाशांवरून उतरते. हा सेन्सर काढूनच टाकावा, तर कौले सरकवून आत उतरणारा चोर दारांना हातही लावणार नाही.

शिवाय संच केवळ टूजीवर चालतो, त्यामुळे जिओचे सिम त्यात निरुपयोगी आहे. कॅमेरे नको आहेत. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये आहे.

पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (परत येणाऱ्या रेडिओलहरींवरून हालचाल टिपणारे तंत्र) एकत्र असलेला सेन्सर कौलारू घरात कोणी वापरला आहे का, आणि १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर असा फोरजी संच विजेविना प्रत्यक्षात किती तास तग धरतो?