‘पुण्याचा ना तू? मग तुमच्यामुळेच!’ : फुटबॉल क्लबचे मालक आणि आपला मनस्ताप

माळ्यावरचा जर्सीवाला
काल माळा आवरताना अर्धी निळी, अर्धी पांढरी जर्सी सापडली. बायको म्हणाली, फरशी पुसायला घेऊ का? घे म्हणवेना, म्हणून हा धागा.

२०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या वेंकीजने इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब विकत घेतला तेव्हा आमच्या कट्ट्यावर फक्त पेढे वाटायचे बाकी होते. जॅक वॉकरच्या पैशावर १९९५ ला प्रीमियर लीग, म्हणजे तिकडची सगळ्यात वरची लीग, जिंकलेला क्लब, आणि मालक आपल्या पुण्याचे! महिनाभरात मॅनेजर सॅम अलार्डाइसच्या हातात नारळ. संघ तेव्हा तेरावा होता, म्हणजे बुडत वगैरे नव्हता. जागेवर आला त्याच्याच हाताखालचा स्टीव्ह कीन, मॅनेजर म्हणून पहिलीच नोकरी. तरी मी म्हणालो, बघू, नवा आहे, शिकेल. २०११ च्या ऑक्टोबरात हाच संघ बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळायला आला. तिकडे लीगमध्ये तळाशी आणि इकडे बालेवाडीत. मी ही जर्सी घालून ओरडत होतो. मे २०१२ मध्ये संघ खालच्या लीगमध्ये गेला.

त्याच वर्षी नोकरीने मला लँकेशरला नेऊन टाकलं. ब्लॅकबर्न स्टेशनबाहेर टॅक्सीत बसलो. काकांनी विचारलं, कुठला? मी छाती फुगवून, पुणे. आरशातून नुसतं बघितलं आणि म्हणाले, मग तुमच्यामुळेच! पुढची वीस मिनिटं मी मालकांचा वकील. सप्टेंबरात कीन गेला. मग हेनिंग बर्ग, ५७ दिवस. मग मायकेल अॅपलटन, ६७ दिवस. आमच्या ऑफिसात प्रोबेशनसुद्धा सहा महिन्यांचं होतं हो. प्रत्येक हकालपट्टीच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये लोक माझ्याकडे खुलासा मागायचे. शेवटी कुणी गाव विचारलं की मी ‘मुंबईजवळचा’ म्हणायला लागलो.

तुमचेही सांगा. कुठलाही क्लब चालेल.

खडूस ठाणेकर
पुणेकर स्वतःला मुंबईजवळचा म्हणाला??? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

नानाची टांग
+१ धागा इथेच सार्थकी लागला

लाल भूत
आमचं मँचेस्टर युनायटेडचं दुखणं काढू नका, कुकर लावलाय आणि वेळ कमी आहे. तरी थोडक्यात. २००५ ला ग्लेझरांनी कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच बोडक्यावर ठेवलं. म्हणजे सोयरिकीला आले आणि हुंड्यात आमचंच घर गहाण टाकलं. फर्ग्युसन मॅनेजर होता तोवर सगळं झाकलं गेलं. २०१३ ला तो गेला. मॉयेसला सहा वर्षांचा करार आणि दहा महिन्यांत निरोप. फान खालने एफए कप जिंकला तर चषक हातात असतानाच त्याला काढणार अशा बातम्या सुरू, दोन दिवसांत गेलाच. मग प्रत्येक नव्याला त्याच्या आवडीची महागडी खेळणी, तो गेला की पुढचा म्हणणार ही खेळणी मला नकोत. आमोरिमच्या पहिल्या मोसमात पंधरावे आलो. पंधरावे!

२०१० ला तिकडच्या लोकांनी निषेध म्हणून हिरवे-पिवळे मफलर घातले होते, क्लब न्यूटन हीथ असतानाचे जुने रंग. मी आईकडे हट्ट धरून तसाच विणून घेतला. कल्याणला, मे महिन्यात. आई विणताना म्हणत होती, ज्याच्याविरुद्ध घालणार आहेस त्याला दिसणार आहे का रे हा? शिट्टी झाली, जातो.

रेवाची आई
वेंकीज म्हणजे आपले चिकनवालेच ना? त्यांचा फुटबॉलचा क्लब आहे? मला आज कळतंय.

माळ्यावरचा जर्सीवाला
@रेवाची आई, तेच. ज्या दिवशी विगनकडून हरून संघ खाली गेला त्या दिवशी कुणीतरी जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती, क्लबचा झेंडा पांघरून.

रेवाची आई
अगं बाई. तिचं पुढे काय झालं?

खडूस ठाणेकर
श्रावणात असले धागे काढू नयेत ही संपादकांना विनंती.

पेठेतला
आमच्या कोल्हापुरात ह्यो तरासच न्हाई. मालक न्हाई, पेठ हाय. पीटीएम (पाटाकडील तालीम मंडळ) घ्या, खंडोबा घ्या, शिवाजी तरुण घ्या, तालमीचा संघ तो तालमीचा. वर्गणी आमची, शिव्या आमच्या. शाहू स्टेडियमवर हरलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर तीस कोच भेटत्यात. खऱ्या कोचला रात्री चौकातनं घरी जायला लागतंय, त्यो लंडनला पळून जाऊ शकत न्हाई. भांडणं व्हत्यात, मॅची बंद पडत्यात, ते कबूल. पण ज्याच्यावर राग हाय त्यो समोर दिसतोय. कधी या, मॅच दाखवतो, नंतर तांबडा-पांढरा.

नानाची टांग
पांढरा रस्सा कुठे चांगला मिळतो सध्या? पुढच्या शनिवारी येतोय, चार जण आहोत, एक शाकाहारी.

पेठेतला
@नाना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. शाकाहारी माणसाला घरी ठेवून या.

स्पर्श्या
आम्ही टॉटनहॅमवाले काय बोलणार. २०२१ ला कपच्या अंतिम सामन्याला सहा दिवस असताना मोरिन्योला काढलं आणि २९ वर्षांच्या रायन मेसनला उभं केलं, हरलोच. २०२५ ला पोस्टेकोग्लूने १७ वर्षांनी चषक आणला, तोही लाल भूतवाल्यांना हरवून. १६ दिवसांनी त्यालाही घालवलं. लीगमध्ये सतरावे होतो हे मान्य, पण दोन आठवडे तरी सुखाने नाचू द्यायचं होतं.

लाल भूत
ती जखम उकरायची गरज नव्हती मित्रा

कूपरेजचा कोपरा
तुम्हा सगळ्यांना शिव्या द्यायला मालक तरी आहे. माझी टीम महिंद्रा युनायटेड. २००६ ला नॅशनल लीग जिंकली, मुंबईत कूपरेजच्या मैदानावर बाबांच्या शेजारी बसून बघितलेले सामने आहेत. २०१० ला बंद. हकालपट्टी नाही, खाली जाणं नाही, नुसतं बंद. बाबा मोसमाचं वेळापत्रक कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे. शेवटचं बरेच दिवस तसंच होतं, मग रंगकामात गेलं. जर्सीवाले, तुमच्या पुणे एफसीचं तरी काय राहिलं? नंतरची एफसी पुणे सिटी २०१९ ला आटोपली आणि आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) जागा हैदराबादला गेली.

माळ्यावरचा जर्सीवाला
हो. बालेवाडीला त्या दिवशी समोरासमोर उभ्या संघांपैकी पुण्याचाच उरला नाही. हे मला आत्ता तुमचं वाचून लक्षात आलं.

म्हापशेंकार
गोंयात उलटी तऱ्हा. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणलं. २०१६ ला धेंपो, साळगांवकार, स्पोर्टिंग हे गोंयचे तिन्ही क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, राग फेडरेशनच्या आराखड्यावर. मालकाचा राग पटत होता, पण रविवारी फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाऊन बघायचं काय?

हिशेबनीस
दुसरी बाजूही मांडा की. ब्लॅकबर्नचा तोटा दरवर्षी कोण भरत आलंय? पदरचे पैसे घातलेत. मध्यंतरी तर भारतातून पैसे पाठवायलाही दिल्लीत न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती. मॅनेजर मोब्रेला पाच वर्षं दिली, तो तिसऱ्या स्तरावरून वर घेऊन आला. विकून मोकळे झाले असते.

माळ्यावरचा जर्सीवाला
@हिशेबनीस, हेच सगळं मी टॅक्सीत सांगितलं, मोब्रे आणि न्यायालय सोडून, ते दोन्ही तेव्हा यायचे होते. काका म्हणाले, पैशाचं कोण बोलतंय, येऊन माझ्याशेजारी थंडीत एक मॅच बघा म्हणावं. मला उत्तर सुचलं नाही. उतरताना त्यांनी सुट्टे पैसेही परत दिले नाहीत, मीही मागितले नाहीत.

रेवाची आई
जर्सी टाकू नका हो. कोमट पाण्यात थोडा व्हिनेगर घालून भिजवा, माळ्याचा वास जातो. आणि कोंबडीचं कुणी सांगितलंच नाही.