व्हॅरम पर्सी नक्की कशामुळे उठलं? प्लेग की मेंढ्या?

रानजाई

आम्ही यॉर्कला राहतो. गेल्या रविवारी व्हॅरम पर्सी या यॉर्कशरमधल्या उजाड मध्ययुगीन गावाच्या जागी जाऊन आलो. दरीत बिनछपराचं चर्च, जवळच एक तळं, जुनी कॉटेजेस, आणि बाकी सगळा गवताचा उतार. पण त्या गवताखाली घरांच्या चौकटी स्पष्ट दिसतात. मुलगा एका घराच्या ‘दारातून’ आत गेला आणि तिथून मला हाका मारत होता.

नवऱ्याच्या ऑफिसमधले एक गृहस्थ म्हणाले की १३४९ च्या प्लेगमध्ये अख्खं गाव मेलं आणि उरलेल्यांनी प्रेतं जाळली. इतर ठिकाणी वाचलं तर मेंढ्यांमुळे गाव गेलं म्हणतात. खरं काय? आणि चर्चच्या भिंतीत कमानी दगडांनी बुजवून टाकल्या आहेत, त्या कशासाठी? सप्टेंबरात आई येणार आहे. तिनं आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तिला तिथे नेण्याआधी मला नीट समजून घ्यायचंय.

अण्णा_हल

प्लेगला इतकं सहज बाजूला काढू नका. १३४८-४९ मध्ये इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली असं मानतात. एवढा फटका बसल्यावर वोल्ड्सच्या (यॉर्कशरच्या खडूच्या टेकड्यांच्या) माथ्यावरचं छोटं गाव तगेल कसं? मेंढ्या आल्या त्या रिकाम्या झालेल्या जमिनीवरच ना?

खापरवेडी

रानजाई, अण्णा, दोघांनाही उत्तर देते. थोडं लांबेल.

माझं काम मध्ययुगीन खापरांचं. उत्खननातून आलेले तुकडे धुवायचे, माती, झिलई, काठाची घडण बघून गट पाडायचे. यॉर्कशरमध्ये हे काम करणाऱ्या माणसाला व्हॅरम पर्सी टाळताच येत नाही, आणि ‘प्लेगनं एका रात्रीत मेलेलं गाव’ ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की आता ती ऐकून वाईट वाटतं. कारण त्या गोष्टीत तिथल्या माणसांची पुढची दीडशे वर्षं पुसली जातात.

त्या काळी मोठा जमीनदार वारला की त्याच्या मालमत्तेची सरकारी मोजदाद व्हायची. व्हॅरम पर्सीची १३२३ ची नोंद आहे. प्लेगला अजून पंचवीस वर्षं होती, तरी धान्य दळायच्या दोन्ही चक्क्या मोडक्या आणि बरीचशी जमीन पडीक. म्हणजे गावाची घसरण आधीच लागली होती. मग प्लेग येतो. त्यानंतरची नोंद १३६८ ची, आणि तिच्यात सुमारे तीस घरांत माणसं राहतायत. मेलेल्या गावात तीस चुली पेटत नाहीत, अण्णा. १४५८ मध्ये उरली सोळा घरं.

पण तुमच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि ते मला सोडायचं नाही. प्लेगनं गाव मारलं नाही, पण जमिनीचा सगळा हिशोब उलटा केला. माणसं कमी झाली, मजुरी चढली. वोल्ड्सची जमीन खडूची, माती पातळ. दुसरीकडे बरी जमीन कमी खंडानं मिळत असेल तर कुळं इथे कशाला राहतील? रिकामी घरं भरेनात. जमीनदाराच्या बाजूनं बघा: शेताला नांगर, बैल, पेरणी-कापणीचे हात लागतात, कळपाला एक मेंढपाळ पुरतो, आणि लोकरीला भाव आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीलाच गाव पर्सी या जमीनदार घराण्याकडून हिल्टन घराण्याकडे गेलं होतं. त्यांचं मूळ ठाणं थेट संडरलंडकडे.

गावं उठवून कुरणं करण्याबद्दल इतकी ओरड झाली की १५१७ मध्ये राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्झीनं देशभर चौकशी लावली. तिच्यात व्हॅरम पर्सी आहे: बॅरन हिल्टननं चार नांगर बंद पाडले, चार घरं मोडकळीला जाऊ दिली. शेवटची कुटुंबं १५०० च्या आगेमागे उठली असं या नोंदीवरून धरतात. इथे माझ्या मते शब्द जपून वापरू नयेत. सोळा घरांची चार होईपर्यंत परिस्थितीला दोष द्या, पण ती शेवटची चार कुटुंबं स्वतःहून गेली नाहीत. त्यांना काढलं.

आता कमानी. आईंना सगळ्यात आधी त्याच दाखवा. बाराव्या-तेराव्या शतकात माणसं वाढली तसे सेंट मार्टिन चर्चच्या दोन्ही अंगांना पाखे (मुख्य दालनाला लागून बाजूची लांब दालनं) जोडले, त्यासाठी बाजूच्या भिंती फोडून कमानी काढल्या. पुढे माणसं घटली. पाखे पाडले आणि कमानी चिणून टाकल्या. वाढ आणि घट एकाच भिंतीत वाचता येते. फक्त एक ध्यानात ठेवा, हे चर्च एकट्या व्हॅरम पर्सीचं नव्हतं, थिक्सनडेलसारखी आसपासची गावंही याच पॅरिशमध्ये, म्हणजे याच चर्चच्या हद्दीत होती. म्हणून तर गाव उठल्यावरही चर्च साडेचारशे वर्षं चालू राहिलं. मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला तो १९५९ मध्ये.

रानजाई

ताई, मनापासून आभार. त्या कमानींसमोर आम्ही किती वेळ उभे होतो, पण हे सुचलं नाही.

दोन शंका उरल्या. प्रेतं जाळल्याचं ते काय आहे? मुलानं ऐकल्यापासून तेच डोक्यात धरलंय. आणि घरं! आत उभं राहिल्यावर मला ती बरीच लांबोडकी वाटली. एवढ्या लांब घरात किती माणसं राहत?

खापरवेडी

आधी हाडं. गोष्ट खरी आहे, पण तिचा प्लेगशी संबंध जोडू नका. १९६० च्या दशकात चर्चच्या आवाराबाहेर, वस्तीतल्या खड्ड्यांत काही मानवी हाडं मिळाली. हिस्टॉरिक इंग्लंड (वारसा जपणारी सरकारी संस्था) आणि साउदम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांचा तपशीलवार अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. १३७ तुकडे, किमान दहा माणसं, त्यात लहान मुलंही. काळ अकराव्या ते चौदाव्या शतकातला, म्हणजे एका साथीत एकदम मेलेली ही माणसं नव्हेत. हाडांवर सुरीचे वार, भाजल्याच्या खुणा, काही मोडलेली. वार मुख्यतः डोकं-मानेच्या भागात. मांस खाण्यासाठी कापलं असतं तर ते मोठ्या स्नायूंच्या सांध्यांपाशी दिसले असते. दातांतल्या स्ट्रॉन्शियमवरून (लहानपणी माणूस कुठल्या जमिनीवर वाढला हे सांगणारं मूलद्रव्य) माणसं याच परिसरात वाढलेली. म्हणून अभ्यासकांना सर्वांत जुळणारा अर्थ वाटतो तो असा: मेलेला माणूस उठून त्रास देईल या भीतीनं प्रेताची अशी गत केली असावी. बाराव्या शतकातल्या यॉर्कशरच्या इतिवृत्तात अशा उठणाऱ्या प्रेतांच्या हकीकती आहेतच. मुलाला सांगताना ‘असावी’ मात्र जरूर सांगा.

आणि त्याला हेही सांगा की चर्चच्या आवारात रीतसर पुरलेली जवळजवळ सातशे माणसं मिळाली. माझ्या लेखी खरा ठेवा तो. त्यांच्या हाडांतल्या नायट्रोजनवरून कळलं की तिथल्या आया बाळांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. एका पुरुषाच्या कवटीवर जबर घाव आहे आणि शेजारी कवटी उघडून केलेली शस्त्रक्रिया. हाड भरून आलंय. तो जगला! खेड्यातला साधा माणूस, जवळपास हजार वर्षांपूर्वी.

घरांबद्दल. लांब असण्याचं कारण, एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं, मध्ये आरपार वाट. प्रत्येक घराभोवती आवार आणि मागे लांब परडं. परड्यांची रुंदी जवळपास सारखी दिसते, म्हणून ओळी आखून वसवल्या असाव्यात असं मानतात.

या घरांनी अभ्यासकांना फार छळलं. लीड्सचे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड यांनी १९५० मध्ये इथे फावडं चालवलं ते कागदातल्या गावाच्या भिंती खरंच सापडतात का हे बघायला. १९५२ पासून जॉन हर्स्ट आले. मध्ययुगीन खापरांचा तेवढा मोठा जाणकार दुसरा नव्हता, मी आजही त्यांच्याच वाटेनं चालते. अरुंद चर खणून खडूच्या भिंतींचा नुसता गुंता हाती येई. मग डेन्मार्कच्या पद्धतीनं त्यांनी अख्खं घर एकदम उघडायचं ठरवलं, थरामागून थर, प्रत्येक दगड कागदावर उतरवत. उन्हाळ्यातले काही आठवडे, असं १९९० पर्यंत चाललं. एका शेतकऱ्याच्या घराखाली तर बाराव्या शतकातल्या वाड्याचं तळघर निघालं.

पाये इतके किरकोळ आणि वेडेवाकडे होते की ही घरं तकलादू, पिढीगणिक नवी बांधावी लागत, असं बराच काळ मानलं गेलं. १९८० च्या दशकात स्टुअर्ट राथमेल यांनी तेच पुरावे पुन्हा मांडले. छपराचा भार भिंतींवर नव्हताच. तो जमिनीपासून आढ्यापर्यंत गेलेल्या वाकड्या लाकडांच्या जोड्यांवर होता. भिंती फक्त आडोसा, म्हणून त्या पुन्हा पुन्हा डागडुजल्या. घर मात्र टिकाऊ. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण गरीब शेतकरी म्हणजे झोपडं ही समजूत त्यामुळे हलली.

अण्णा_हल

१३६८ ची तीस घरं मला माहीत नव्हती. मग एक सांगा, प्लेगनंच रिकामी झालेली गावं इंग्लंडात आहेत की नाहीत?

खापरवेडी

आहेत, अण्णा, पण थोडी. उठलेली मध्ययुगीन गावं सुमारे तीन हजार मोजतात, आणि बहुतेक अशीच हळूहळू झिजत गेलेली. वोल्ड्सवरचीच कॉटम, काउलम ही उठलेली गावं बघा.

सायकलस्वार

रानजाई, आईंना न्यायचं तर दुपार टाळा. ऊन डोक्यावर असलं की चौकटी गवतात विरून जातात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की प्रत्येक भिंतीला सावली येते, शेतांतले सरी-वरंबेसुद्धा दिसतात. माथ्यावर बसून एकदा सगळं बघा, मग उतरा. गाडीतळापासूनची वाट उतरणीची आणि खडबडीत आहे, येताना तोच चढ. आईंचे गुडघे दुखत असतील तर काठी हवीच. गुरं चरत असतात, मुलाला हाताशी धरा. तिकीट नाही.

खापरवेडी

सायकलस्वारांनी उन्हाचं सांगितलं ते अगदी खरं. माझी एक विनंती: सशांच्या बिळांपाशी माती उकरलेली असते, तिथे खापरं वर येतात. मुलाला उचलू देऊ नका. जागा संरक्षित आहे, आणि खापर कुठे पडलं होतं हे हरवलं की त्यातून काहीच कळत नाही. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि इथे टाका. वाळूसारखं खरखरीत, गुलाबी-करडं, झिलई नसलेलं असेल तर स्टॅक्स्टन या यॉर्कशरमधल्या गावाकडचं स्वयंपाकाचं मडकं असण्याची शक्यता बरीच. बघून सांगेन.